दूरचा कैवार

दरसाल सप्टेंबरच्या सतराव्या तारखेस शक्य तों आम्ही आमच्या गांवीं, शिरड शहापुरास, जातों. वसमतेहून औंढ्यास जाणाऱ्या वाटेवरचें हें गांव. श्रीमल्लिनाथांच्या दर्शनास येणाऱ्या जैन यात्रेकरूंस तें ठाऊक असतें. इतरांस तें औंढ्या नागनाथास जातांना मोटारीच्या खिडकींतून दिसतें तेवढेंच. त्या दिवशीं शाळेंत झेंडावंदन होतें, मुलें मुक्तिसंग्रामाचीं गीतें म्हणतात, कोणी तरी पाहुणा चार शब्द बोलतो आणि मग खाऊ वाटला जातो. पाहुण्याचें भाषण बहुधा ठरलेलें असतें. निजामाचा कारभार, रझाकारांचे जुलूम, स्वामी रामानंद तीर्थांचा लढा आणि शेवटीं पोलिस कारवाई. मध्यें आमच्या वसमत भागांतील हुतात्मा बहिर्जी शिंदे यांचें नांव आलें कीं मुलें टाळ्या वाजवितात. २०२५ सालीं हा पाहुणा होण्याचा मान आमच्याकडे आला.

चाळीस वर्षें ऐकलेलें भाषण आपण पुन्हां कशाला करावें, असा विचार करून आम्हीं त्याच तारखेची दुसरी एक हकीकत सांगितली. १९४८ च्या १७ सप्टेंबर रोजीं हैदराबादेस निजामानें शरणागति जाहीर केली आणि आमचा मराठवाडा मोकळा झाला. त्याच दिवशीं जेरुसलेम शहरांत काउंट फोक बर्नाडॉट या स्वीडिश गृहस्थास भर रस्त्यांत गोळ्या घालून ठार करण्यांत आलें. हा मनुष्य स्वीडनच्या राजघराण्यांतला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस रेड क्रॉसच्या पांढऱ्या मोटारी घेऊन जर्मनीच्या छळछावण्यांतून त्यानें हजारों कैदी सोडवून आणले. त्यांत ज्यूही होते. पुढें संयुक्त राष्ट्रसंघानें त्यास अरब आणि ज्यू यांच्यामधला मध्यस्थ म्हणून पॅलेस्टाईनांत पाठविलें. मरणाच्या आदल्याच दिवशीं त्यानें आपला अहवाल पुरा केला होता. जे अरब घरांतून निघून गेले किंवा घालविले गेले, त्यांस परत येण्याचा हक्क असला पाहिजे, असें त्यांत त्यानें स्पष्ट म्हटलें होतें. ज्यू अतिरेक्यांच्या एका टोळीनें त्यास मारलें. त्याच सालच्या ११ डिसेंबरला राष्ट्रसंघाच्या आमसभेनें आपल्या १९४ व्या ठरावांत तो हक्क मान्य केला. सात लाखांहून अधिक माणसांचा हा हक्क; पाऊणशें वर्षें उलटून गेलीं तरी तो कागदावरच आहे.

ही हकीकत आम्हांस केवळ तारखेच्या योगायोगामुळें जवळची वाटते असें नाहीं. १९४८ च्या पावसाळ्याच्या तोंडीं आमचे आजोबा बायकामुलांस बैलगाडींत घालून, रात्रीं चालून आणि दिवसा लपून, कयाधू आणि पैनगंगा उतरून वऱ्हाडांत उमरखेडच्या बाजूस गेले. रझाकारांच्या भयानें आमच्या भागांतून असे किती तरी लोक गेले होते. तीनचार महिने परक्याच्या पडवींत राहून, सप्टेंबर उलटल्यावर, ते परत आले. घर जागेवर होतें. पेवांतली ज्वारी तेवढी गेली होती. निर्वासित होणें म्हणजे काय, हें आमच्या घराण्यास तीनचार महिन्यांपुरतें कळलें. म्हणून ज्या दिवशीं आमच्या आजोबांची परतीची वाट मोकळी झाली, त्याच दिवशीं दुसऱ्या एका लोकसमूहाच्या परतीचा कैवार घेणारा मनुष्य मारला गेला, ही गोष्ट आमच्या मनांत घर करून राहिली आहे.

भाषण संपल्यावर एक शेतकरी गृहस्थ जवळ आले. त्यांनीं फार आदरानें विचारलें, "सर, तुमचं सांगणं समदं खरं असंल; पण त्यांच्या भांडणाशी आपल्याला काय करायचंय? हळदीच्या भावाचं काही तरी बोलायचं होतं." प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. हळदीचा भाव पडला कीं आमच्या गांवांत लग्नें लांबणीवर पडतात. शिरड शहापूर कोठें आणि जेरुसलेम कोठें! दूरच्या दुःखाचा कैवार घेण्याचें प्रयोजन काय आणि अधिकार काय, या प्रश्नाचें उत्तर आम्हीं त्या वेळीं दिलें नाहीं. तें या लेखांत देण्याचा प्रयत्न करावयाचा आहे. आणि तें करतांना, ज्यांनीं हा कैवार पुष्कळ वर्षें घेतला आहे त्या ख्रिस्ती धर्मसंस्थांचें उदाहरण समोर ठेवावयाचें आहे.

आम्ही ख्रिस्ती नाहीं. या विषयाकडे आमचें लक्ष वळलें तें एका मराठी पुस्तकामुळें. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचें 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' हें तें पुस्तक. फादर दिब्रिटो 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षें संपादक होते. वसईची हिरवाई राखण्यासाठीं त्यांनीं दिलेला लढा महाराष्ट्रास ठाऊक आहे. २०२० च्या जानेवारींत, तेव्हां उस्मानाबाद म्हणविणाऱ्या धाराशिवास जें त्र्याण्णवावें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें, त्याचे ते अध्यक्ष होते. २०२४ च्या जुलैंत ते निवर्तले. धर्मगुरु पवित्र भूमीस जातो तो तीर्थाटनास जातो अशी आपली समजूत. परंतु या पुस्तकाच्या नांवांत 'यात्रा' हा शब्द 'संघर्ष' या शब्दास जोडून आला आहे. येशूच्या पाउलखुणा पाहावयास गेलेल्या यात्रेकरूनें त्या मातींत आज राहणाऱ्या माणसांकडे पाठ फिरवून परत येऊं नये, एवढा धडा आम्हीं त्यापासून घेतला.

दुसरें निमित्त आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें. तो जालन्याच्या बाजूस एका लहानशा मंडळींत पाळक आहे. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, निजाम सरकारकडून जमीन मिळवून, नवख्रिस्त्यांसाठीं एक गांव वसविलें होतें. गांवगाड्यांत ज्यांना मानानें उभें राहतां येत नव्हतें त्यांना हक्काची जागा मिळावी, हा हेतु. त्या गांवाचें नांव त्यांनीं बायबलांतून घेतलें: बेथेल, म्हणजे देवाचें घर. मूळचें बेथेल पॅलेस्टाईनांत आहे. रामल्लाजवळचें बैतीन हें अरब खेडें तेंच, असें बहुतेक संशोधक मानतात. त्याच्या शेजारींच १९७७ पासून एक इस्रायली वसाहत उठली आहे. तिचेंही नांव बेथेलच, हिब्रू उच्चारानें बेत-एल. एका नांवाचीं तीन गांवें! मराठवाड्यांतलें बेथेल बेघरांना घर देण्यासाठीं झालें. तिकडे त्याच नांवाची नवी वस्ती, जगांतील बहुतेक राष्ट्रांच्या मतें, बळानें घेतलेल्या मुलखांत उभी आहे.

२०२३ च्या अखेरीस हा विद्यार्थी आमच्याकडे आला तो अस्वस्थ होऊन. मराठी बायबलांत पानोपानीं 'इस्राएल' आहे आणि वर्तमानपत्रांत रोज 'इस्रायल' आहे. मंडळींतील भाबड्या माणसांना दोन्ही एकच वाटतात आणि प्रार्थनेंत ते त्या राज्याच्या विजयासाठीं हात जोडतात. तो म्हणाला, "सर, आमच्या म्हाताऱ्या बायांना बेथलेहेमांत अजून ख्रिस्ती लोक राहतात हेंच ठाऊक नाहीं. नाताळांत गोठा आम्ही मांडतों, पण त्या गोठ्याच्या गांवचीं माणसें कोण, हें कोणी विचारीत नाहीं."

तीं माणसें आहेत. फार थोडीं उरलीं आहेत. १९२२ सालच्या शिरगणतींत पॅलेस्टाईनांत शंभरांत सुमारें दहा ख्रिस्ती होते. आज जॉर्डन नदीचा पश्चिम तीर आणि गाझा मिळून शंभरांत दोनही भरत नाहींत. त्यांची भाषा अरबी आहे. देवास ते 'अल्लाह' म्हणूनच हाक मारतात, कारण अरबींत देवास दुसरा शब्द नाहीं. त्यांच्यावर जें गुदरलें तें मुसलमान शेजाऱ्यांवर गुदरलें त्याहून निराळें नाहीं; फरक इतकाच कीं त्यांची हाक ऐकण्यास युरोप-अमेरिकेंत त्यांचे धर्मबांधव होते, आणि त्या धर्मबांधवांनींच ती पुष्कळ काळ ऐकली नाहीं.

उत्तर गॅलिलींतील इक्रित गांवाची गोष्ट घ्या. सारें गांव ख्रिस्ती. १९४८ च्या नोव्हेंबरांत इस्रायली सैन्यानें गांवकऱ्यांस सांगितलें, पंधरा दिवसांपुरतें बाहेर पडा, मग परत या. ते पडले. पंधरा दिवस सरले, महिने सरले, परवानगी येईना. त्यांनीं इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली आणि १९५१ च्या जुलैंत न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. त्याच वर्षीं नाताळाच्या सुमारास सैन्यानें सुरुंग लावून गांव उडवून दिलें. चर्च तेवढें उभें राहिलें. शेजारच्या बिरम या ख्रिस्ती गांवाचीही तीच गत झाली. १९५३ च्या सप्टेंबरांत तें विमानांतून बाँब टाकून पाडण्यांत आलें. हे सारे लोक इस्रायलचे नागरिक होते, हें ध्यानांत ठेवावें. १९७२ सालीं त्यांचे आर्चबिशप जोसेफ राया यांनीं या अन्यायाचा निषेध म्हणून एका रविवारीं आपल्या प्रांतांतील चर्चें बंद ठेविलीं. धर्मगुरूनेंच देवाचें दार लावून घ्यावें, हें साधें नव्हे. पुढें जेरुसलेमांत त्यांनीं मोर्चा नेला, त्यांत पुष्कळ ज्यू नागरिकही सामील झाले. परवानगी तरीही आली नाहीं. आज इक्रितच्या वंशजांना आपल्या गांवांत राहतां येत नाहीं. मेल्यावर पुरलें जाण्यास मात्र जातां येतें.

या लोकांनीं जगाशीं बोलण्याची जी रीत काढली तिचा विशेष हा कीं ती शापाची नाहीं. २००९ च्या डिसेंबरांत बेथलेहेम येथें 'कैरोस पॅलेस्टाईन' या नांवाचें एक निवेदन प्रसिद्ध झालें. लिहिणाऱ्यांत जेरुसलेमचे माजी लॅटिन कुलगुरु मिशेल सबाह हे होते. दक्षिण आफ्रिकेंतील ख्रिस्त्यांनीं वर्णभेदाविरुद्ध १९८५ सालीं काढलेल्या निवेदनावरून हें नांव घेतलें. दुसऱ्याची भूमि बळानें ताब्यांत ठेवणें हें देवाविरुद्ध आणि माणसाविरुद्ध पाप आहे. त्यास विरोध करणें हें कर्तव्य आहे. परंतु तो विरोध प्रेम न सोडतां, शत्रूच्या चेहऱ्यांतही देवाचें रूप पाहून केला पाहिजे. बहिष्कारासारखीं अहिंसक साधनें योग्य होत, असा त्याचा आशय. या महाराष्ट्रांत, जेथें परदेशी कापडाच्या होळ्या झाल्या, तेथें हें समजण्यास फार पांडित्य लागूं नये. आमच्या औंढ्यास तर त्याहून जुना दाखला आहे. नामदेवांस देवळाच्या मागल्या बाजूस हांकलून दिलें तेव्हां देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभें राहिलें, असें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. मागें लोटलेल्याकडे देव तोंड फिरवितो, हें त्या कथेंतलें तत्त्व. त्यासाठीं नरसीच्या शेजाऱ्यांना बेथलेहेमास जाण्याची गरज नाहीं.

बाहेरच्या चर्चांनीं या हाकेस दिलेला प्रतिसाद संथ होता, पण तो वाढत गेला. जेरुसलेममधील चर्चांच्या विनंतीवरून जागतिक चर्च परिषदेनें २००२ सालीं एक योजना सुरू केली. नाना देशांतून स्वयंसेवक तीन-तीन महिन्यांसाठीं जातात. नाक्यांवर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांशीं सैनिक कसे वागतात तें टिपून ठेवतात. वसाहतींच्या कडेनें शाळेस जाणाऱ्या मुलांबरोबर चालतात. त्यांच्या हातांत शस्त्र नसतें, अधिकार नसतो. फक्त कोणी तरी पाहत आहे एवढेंच त्यांचें बळ. अमेरिकेंतील प्रेस्बिटेरियन चर्चनें २०१४ सालीं, या ताब्यास हातभार लावणाऱ्या तीन कंपन्यांतून आपले पैसे काढून घेण्याचा ठराव केला. तो ३१० विरुद्ध ३०३ मतांनीं पास झाला. सात मतांचा हा फरक आम्हांस फार बोलका वाटतो: सहाशें धार्मिक माणसें एकत्र बसलीं कीं त्यांची सदसद्विवेकबुद्धि अशी निम्मी-निम्मी वांटली जाते. २०२५ च्या जूनमध्यें जागतिक चर्च परिषदेनें, पॅलेस्टिनी लोकांवर लादलेल्या व्यवस्थेस वर्णभेद हाच शब्द लावला. दर सप्टेंबरांत पॅलेस्टाईन आणि इस्रायल येथील शांततेसाठीं एक सप्ताह पाळावा, असें ही परिषद सांगते. ज्या संस्थेच्या द्वारें हिंदुस्थानांतील प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या एकमेकींशीं बांधलेल्या आहेत, ती नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया आपल्या नागपुरांतच आहे. तेव्हां ही चळवळ अगदींच सातासमुद्रांपलीकडची नव्हे.

आणि मग गाझा. २०२३ च्या ७ ऑक्टोबरला हमासनें इस्रायलांत शिरून सुमारें बाराशें माणसें मारलीं आणि अडीचशें ओलीस नेलीं. त्यांत म्हातारीं माणसें आणि तान्हीं मुलें होतीं. त्या अमानुष कृत्यास उत्तर म्हणून इस्रायलनें जें युद्ध केलें, त्यांत तेथील आरोग्यखात्याच्या गणतीप्रमाणें दोन वर्षांत साठ हजारांहून अधिक माणसें मेलीं. गाझांत सारे मिळून हजारभर ख्रिस्ती. त्यांनीं आपल्या दोन चर्चांत आसरा घेतला. १९ ऑक्टोबर २०२३ रोजीं सेंट पोर्फिरियसच्या पुरातन चर्चच्या आवारांत बाँब पडून अठराच्या आसपास माणसें गेलीं. कॅथलिक चर्चमध्यें जीं उरलीं त्यांना पोप फ्रान्सिस रोम येथून जवळजवळ रोज सायंकाळीं दूरध्वनि करीत. काय जेवलांत, मुलें कशीं आहेत, एवढेंच विचारीत. २०२५ च्या एप्रिलांत ते वारले. पुढें १७ जुलैला त्याही चर्चवर तोफगोळा पडून तिघे मेले. ऑक्टोबरांत शस्त्रसंधि झाला. मेलेल्यांची मोजदाद ढिगाऱ्याखालीं संपली नव्हती. एका वृद्ध धर्मगुरूनें रोज सायंकाळीं केलेल्या त्या चौकशीनें युद्ध थांबलें नाहीं. परंतु कैवार म्हणजे काय, हें आम्हांस त्या दूरध्वनीवरून अधिक कळलें.

आतां या कैवाराविरुद्ध जो आक्षेप घेतला जातो तो टाळून चालणार नाहीं. ज्यूंवर दोन हजार वर्षें जुलूम कोणीं केला? ख्रिस्ती युरोपनेंच. मग त्यांच्याच चर्चांनीं ज्यूंच्या राज्यास न्यायाचे पाठ द्यावे काय? आक्षेप खरा आहे. आम्हां मराठी लोकांस तो विशेष जाणवावा, कारण आमच्या कोंकणांत बेने इस्रायल शतकानुशतकें राहिले, तेल गाळून आणि शनिवार पाळून 'शनिवार तेली' म्हणविले गेले, आणि त्यांच्या वाट्यास येथें छळ आला नाहीं. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलास गेले. तेथेंही त्यांना, आपण खरे ज्यू आहोंत हें १९६४ पर्यंत भांडून सिद्ध करावें लागलें. आजही तिकडे अनेक घरांत मराठी बोलली जाते. म्हणजे त्या भूमीच्या एका बाजूस आमचे भाषाबंधुही आहेत. पॅलेस्टिनी लोकांचा कैवार हा ज्यूंच्या द्वेषाचा बुरखा होऊं लागला, तर तो कैवार नव्हे.

परंतु चर्चांनीं या आक्षेपास दिलेलें उत्तर पाहण्यासारखें आहे. जागतिक चर्च परिषदेची स्थापना १९४८ च्या ऑगस्टांत आम्स्टरडॅम येथें झाली, बर्नाडॉट मारला जाण्यापूर्वीं तीनचार आठवडे. त्या पहिल्याच अधिवेशनांत ज्यूद्वेष हें देवाविरुद्ध आणि माणसाविरुद्ध पाप आहे, असें सांगण्यांत आलें, आणि आपण त्या पापांत वाटेकरी आहोंत याची कबुली देण्यांत आली. रोमच्या चर्चनें १९६५ सालीं, येशूच्या मरणाचा दोष साऱ्या ज्यू जातीवर ठेवण्याची जुनी शिकवण सोडून दिली. पुढें याच चर्चांनीं जेव्हां पॅलेस्टिनींची बाजू घेतली तेव्हां त्यांच्या बोलण्यास जें वजन आलें तें या कबुलीमुळें. ज्याला आपला वांटा सांगतां आला त्याला दुसऱ्याचा विचारतां येतो. या क्रमाची किंमत आम्हांस पुस्तक वाचून कळली नाहीं. ती घरीं कळली, त्याच १७ सप्टेंबरच्या दुपारीं.

आमच्या आत्याबाई पंच्याऐंशीच्या पुढें आहेत. वऱ्हाडांत गेलेल्या बैलगाडींतल्या माणसांपैकीं त्याच काय त्या उरल्या. भाषणास त्या आल्या नव्हत्या, पण शाळेचा कर्णा गांवभर ऐकूं जातो. जेवतांना त्या म्हणाल्या, "अरे बाबा, तू कुठल्या कुठल्या घरांचं सांगायलास. आपल्या पिंजाऱ्याचं का नाही सांगितलंस?"

'पिंजाऱ्याचें' हा आमच्या घरांतला रोजचा शब्द. आमच्या वाड्यास लागून एक पडका ओटा आणि दोन खण आहेत. तेथें गुरें बांधतात, कडबा ठेवतात. "बैल पिंजाऱ्याकडे बांध," "विळा पिंजाऱ्याच्या खुंटीस आहे," असें आम्हीं लहानपणापासून शेंकडों वेळां म्हटलें असेल. हा पिंजारी कोण, हें आम्हीं एकदांही विचारलें नव्हतें. इंग्रजी वाङ्मयांतल्या शब्दांच्या व्युत्पत्ति शिकविण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं. घरच्या एका शब्दाची व्युत्पत्ति विचारावयाची राहिली.

आत्याबाईंनीं सांगितलें तें असें. तेथें एक मुसलमान पिंजाऱ्याचें कुटुंब राहत असे. तो कापूस पिंजी, गाद्या भरी. आमचें कुटुंब वऱ्हाडांत गेलें तेव्हां त्याच माणसानें आमच्या वाड्यावर नजर ठेविली. ज्वारी गेली, पण दारें-खिडक्या राहिल्या त्या त्याच्यामुळें. आम्ही परतलों आणि त्याची पाळी आली. पोलिस कारवाईनंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यांत ठिकठिकाणीं मुसलमानांवर सूड घेण्यांत आला. त्याची चौकशी करण्यासाठीं आलेल्या पंडित सुंदरलाल समितीनें मेलेल्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा दिला; उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा हे जिल्हे त्यांत सर्वांत होरपळले. तो अहवाल अनेक दशकें अप्रकाशित राहिला. आमच्या गांवीं रक्त सांडलें नाहीं, असें आत्याबाई सांगतात. पण आजूबाजूच्या बातम्या ऐकून तें कुटुंब एका रात्रीं निघून गेलें. जातांना त्याच्या बायकोनें आमच्या आजीस सांगितलें, "बाई, चार आठ दिवसांत येतों, तवर शेळी सांभाळा."

आम्हीं विचारलें, "कुलूप लावून गेले का?" आमच्या मनांत पॅलेस्टिनी निर्वासितांच्या किल्ल्या होत्या, ज्या ते नातवांच्या हातीं देत आले आहेत. आत्याबाई म्हणाल्या, "कुलूप कुठलं? कडीला चिंधी बांधून गेले. त्या शेळीचं दूध मी दोन वरसं प्यायले. वाट पाहिली, मग दादांनी एक दिवस चिंधी सोडली अन् बैल बांधले."

इक्रितला पंधरा दिवस सांगितले होते. येथें चार आठ दिवस. तेथें सैन्यानें सुरुंग लावले; येथें एका सज्जन मनुष्यानें, ज्यास सारें गांव सज्जन म्हणे, एक चिंधी सोडली. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. सात लाखांचें उच्चाटन आणि एका कुटुंबाचें निघून जाणें यांस एकाच मापानें मोजणें हा विचाराचा आळस होईल. आजोबांनीं कोणास घालविलें नव्हतें. परंतु त्यांनीं कोणास बोलावलेंही नाहीं. स्वतः पैनगंगेपलीकडच्या परक्या पडवींत राहून आलेल्या माणसास, दुसऱ्याची वाट किती दिवस पाहावी, हें ठरवितांना काय वाटलें असेल, हें विचारण्यास आतां कोणी उरलें नाहीं.

दुरून डोंगर साजरे, असें आपण म्हणतों. दुरून अन्यायही साजरा, म्हणजे फार रेखीव दिसतो. कोण पीडलेला, कोण पीडणारा, हें लांबून चटकन कळतें. जवळ आलें कीं त्या डोंगरावर आपलेंच शेत निघतें. म्हणून दूरचा कैवार घेऊंच नये काय? आमचें मत उलट आहे. इक्रितची गोष्ट आम्हीं कर्ण्यावरून सांगितली नसती, तर आत्याबाईंस पिंजारी आठवता ना. आठवला तरी त्या बोलत्या ना. दूरच्या घराचें नांव घेतल्यामुळें शेजारच्या घराचें नांव निघालें. त्या शेतकरी गृहस्थांस आमचें उत्तर द्यावयाचें तें हेंच. त्यांच्या भांडणाशीं आपल्याला काय करायचें आहे? कदाचित् त्यांचें भांडण मिटविण्याचें सामर्थ्य आपल्यांत नसेल. परंतु तें नीट ऐकलें तर आपल्या ओसरीवरचें जुनें येणें-देणें ऐकूं येऊं लागतें.

गेल्या कांहीं महिन्यांत आम्हीं हैदराबादेंतील परिचितांकडे त्या कुटुंबाची चौकशी चालविली आहे. आत्याबाईंस त्या माणसाचें नांव आठवत नाहीं. 'पिंजारी' एवढेंच आठवतें, आणि शेळीचें नांव आठवतें. एवढ्या खुणेवर त्या शहरांत कोणाचा पत्ता लागावा! आमच्या बंधूंस, जे गांवीं राहून शेती पाहतात, हा खटाटोप पसंत नाहीं. हा लेख त्यांस वाचून दाखविला तेव्हां ते पुष्कळ वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दादा, छापायचं तर छापा, पण उद्या खरोखर कोणी आलं तर?" आम्हीं म्हटलें, "आलें तर ओट्यावर बसवूं आणि कागद काढूं." ते म्हणाले, "कागद निघतील. बैल कुठं बांधायचे ते आत्ताच ठरवून ठेवा."

तें अजून ठरलेलें नाहीं. मात्र त्या पाळक विद्यार्थ्यास आम्हीं ही हकीकत कळविली आहे. त्यानें उलट लिहिलें कीं या नाताळांत तो आपल्या मंडळीस बेथलेहेमच्या माणसांविषयीं सांगणार आहे, आणि त्याआधीं, त्याच्या स्वतःच्या गांवांत कोणाचें घर कोणाकडे आहे, हें वडीलधाऱ्यांस विचारणार आहे.